आहे त्या स्थितींत

जुन्या वाहनांच्या विक्रीच्या कागदांत 'आहे त्या स्थितींत' हे तीन शब्द हटकून असतात. गेल्या वर्षीं आष्ट्याच्या आमच्या घरची डिझेल पिकअप गाडी विकण्याचा प्रसंग आला आणि जन्मभर मुलांना शब्दार्थ शिकविणाऱ्या मला या तीन शब्दांचा अर्थ नव्यानें शिकावा लागला. तोच धडा आज आपणांपुढें ठेवीत आहें.

गाडी मुलानें २०१४ सालीं घेतली. पहाटे वांगीं-फ्लॉवर भरून सांगलीच्या बाजारांत जावें, परततांना पेंडीचीं पोतीं आणावीं, असा तिचा नित्यक्रम. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला महापूर आला, तेव्हां ती सांगलींत एका आप्तांच्या अंगणांत उभी होती. चार दिवस पाणी तिच्या बॉनेटच्या वर होतें. पूर ओसरल्यावर मिस्त्रीनें पहिली ताकीद दिली ती ही, कीं कोणीहि किल्ली फिरवूं नये. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा सोळा ते वीस पट दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेनें डिझेल पेट घेतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं; म्हणून आंत पाणी असतां इंजिन फिरविलें तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आमचें इंजिन वांचलें. दुधासारखें झालेलें तेल बदललें, इंजेक्टर साफ केले आणि गाडी पुन्हां कामास लागली. परंतु वायरिंगच्या सांध्यांत शिरलेली ओल कायमची राहिली. पावसाळ्यांत दिवे मधूनच विझत आणि सकाळीं थंड इंजिन सुरू करतांना निळसर धूर निघे.

विक्रीच्या वेळीं दलालानें सल्ला दिला, "गिऱ्हाईक येण्याआधीं अर्धा तास इंजिन चालवून गरम ठेवा. पुराचें नांव काढूं नका. कागदावर 'आहे त्या स्थितींत' लिहून सही घ्या, म्हणजे तुमची जबाबदारी संपली." किंमत ठरली ३,२०,००० रुपये. नातीच्या कॉलेजची फी त्यांतूनच भरावयाची होती.

गिऱ्हाईक आला तो नेमका माझा जुना विद्यार्थी! दूध पोंचविण्याचा धंदा कर्ज काढून वाढवावा, अशी त्याची उमेद. त्यानें बॉनेटहि उघडून पाहिलें नाहीं. म्हणाला, "गुरुजी, तुमच्या घरची गाडी. कांहीं असतं तर तुम्ही बोललाच असता!"

श्रोतेहो, १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमांत घोड्याच्या विक्रीचीं मोठीं मार्मिक उदाहरणें दिलेलीं आहेत. लिलावांत घोडा विकणारा त्याचा दोष ठाऊक असून गप्प बसला, तर केवळ तेवढ्यानें ती फसवणूक होत नाहीं. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली कन्या असेल, तर दोष सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि तुम्ही नाकारलें नाहीं तर घोडा निकोप समजेन, असें घेणाऱ्यानें म्हटल्यावर विकणारा गप्प राहिला, तर तें मौन बोलण्याइतकेंच धरलें जातें. १९३० चा मालविक्रीचा कायदा घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवावेत असें सर्वसाधारणपणें मानतो, हें खरें. परंतु माझ्यापुढें उभा असलेला हा मुलगा माझ्या विश्वासावर डोळे मिटून उभा होता.

मीं त्याला बसविलें आणि पुरापासून धुरापर्यंत सर्व सांगितलें. दुसऱ्या दिवशीं पहाटे थंड इंजिन त्याच्याच हातानें सुरू करविलें. त्यानें मिस्त्री आणून गाडी तपासली आणि किंमत ४५,००० रुपयांनीं कमी केली. मुलगा दोन दिवस माझ्याशीं बोलला नाहीं. फीची उरलेली रक्कम आम्हांस पतपेढींतून उचलावी लागली. सचोटी फुकट पडते असें मी म्हणणार नाहीं.

आपणांपैकीं कोणी जुनी गाडी घेणार असेल त्यानें ती थंड असतांनाच पाहावी. निळा धूर म्हणजे तेल जळतें आहे. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतें जळत नाहीं. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुराच्या गाळाची रेघ तेथें सांपडते. विकणाऱ्यानेंहि पैसे मोजून स्वस्थ बसूं नये. राज्यांतल्या राज्यांत विक्री झाल्यास चौदा दिवसांत नमुना २९ भरून परिवहन कार्यालयास कळवावें लागतें. नोंद जुन्याच नांवावर राहिली, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे.

आमच्या भागांतील बैलबाजारांत रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरे. किंमत रुमालाखालीं असे, पण बैल मात्र उघड्यावर उभा असे. त्याला चालवून, जुंपून पाहतां येई. बैल अंगचोर आहे कीं मारका, हें विचारल्यावर खोड सांगणारा शेतकरी पुढील बाजारीं ताठ मानेनें येई.

आमच्या कागदावरहि अखेर 'आहे त्या स्थितींत' असेंच लिहिलें. मात्र त्याखालीं पूर, वायरिंग आणि धूर हीं तिन्ही कलमें नोंदवून दोघांनींहि सह्या केल्या. आतां ती गाडी दुधाचे कॅन घेऊन रोज पहाटे आमच्या दारावरून जाते. हॉर्न वाजतो आणि मी ओट्यावरून हात वर करतों.