जमिनीखालचा पाचोळा

मोहाचा हंगाम आला, पहाटे टोपली घेऊन निघायचे दिवस. आज मोहाखालच्या मातीबद्दल थोडं बोलू.

रानात खत कुठून येतं, असं कुणी विचारलं की आपण पाचोळा दाखवतो. पण झाडाचा एक पाचोळा जमिनीखालीही पडतो. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक, दोऱ्यासारखी मुळं असतात ना, ती तंतुमुळं. तीही पानांसारखीच मरतात, नवी फुटतात. आपल्या पूर्व विदर्भातल्या पानगळीच्या रानात ती पावसाळ्यात भरभरून वाढतात. उन्हाळ्यात माती सुकली की त्यातली बरीच मरतात.

मेलेलं मूळ बुरशी, जिवाणू, वाळवी मिळून कुजवतात. ओल असेल तर काम जोरात, उन्हाळ्यात जवळजवळ बंद. हे मोजायची रीत सोपी आहे. मुळं धुऊन, वाळवून, वजन करून नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत भरतात आणि पुरतात. काही महिन्यांनी काढून पुन्हा वजन करतात; जेवढं घटलं तेवढं कुजलं. आपल्या बचत गटाचा हिशेब याहून किचकट असतो! अशा मोजणीत पुष्कळ ठिकाणी दिसलं, की मुळं पानांपेक्षा सावकाश कुजतात. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन त्यांच्यात जास्त असतं.

कुजताना काही भाग हवेत जातो, नत्र आणि स्फुरद झाडाला परत मिळतं, थोडं मातीच्या कणांना चिकटून राहतं. रानातली काळी, भुसभुशीत माती होते ती अशीही. शिवाय मुळाच्या जागी बारीक नळी उरते, तिच्यातून पावसाचं पाणी आत मुरतं.

मोहाखाली पाचोळा पेटवला की फुलं चटकन दिसतात, हे खरंच. वाकून कंबर आपलीच दुखते, सल्ला देणाऱ्याचं काय जातं! पण तंतुमुळांची दाटी वरच्याच मातीत असते. आगीची झळ तिथेच बसते आणि मुळांबरोबर कुजवणारी बुरशीही होरपळते.

म्हणून यंदा आमच्या गटानं ठरवलंय, पाचोळा खराट्यानं बाजूला सारायचा आणि फुलं संपली की पुन्हा बुंध्याभोवती पसरायचा. जमेल तिथे जुन्या साड्या जोडून अंथरायच्या. वेळ जास्त लागतो, आणि लहान लेकरं घरी असतील तर पहाटे लवकर निघणं अवघडच. त्यासाठी दोघींनी मिळून झाड घ्यायचं: एक दिवस एकीनं वेचायचं, दुसरीनं दोन्ही घरची लेकरं सांभाळायची, फुलं निम्मी-निम्मी. तुमच्या गावात काय करता, ते रेडिओ केंद्रावर नक्की कळवा.