हृदयविकाराची औषधे आणि आपले मौन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक होते, वधूवर-सूचीची चर्चा होते, वसतिगृहाच्या निधीचे आवाहन होते. आज आम्ही मांडणार आहोत तो विषय या कार्यक्रमपत्रिकेत प्रथमच आला असावा. हृदयविकारावर जी औषधे घ्यावी लागतात, त्यांपासून होणारा उपद्रव आणि तो कसा निभावून न्यावा, हा तो विषय होय. आम्ही वैद्य नाही. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकी करण्यात आमचा जन्म गेला. यास्तव आम्ही जे सांगू ते डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी घेऊ नये. ते डॉक्टरांकडे जाण्याची आठवण म्हणून घ्यावे, एवढीच प्रारंभी विनंती आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण घडले. ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. तथापि न सांगितल्यास पुढील बोलण्यास अर्थ राहणार नाही.

आमचे एक थोरले चुलतबंधू धुळ्यास राहत. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर त्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविण्यात आला आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सुरू झाल्या. पाचव्या महिन्यात आमची गाठ जळगावास एका लग्नात पडली. जेवणाच्या पंगतीतून उठल्यावर ते आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, "दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे डाग उठतात. या गोळ्या नकोशा झाल्या आहेत." आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "दादा, थोडे दिवस बंद करून पाहा. आम्हीही आमची एक गोळी बंदच ठेवली आहे." त्यानंतर तीन आठवड्यांनी पहाटे त्यांस दुसरा झटका आला आणि रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच सर्व संपले. तेराव्यानंतर कपाट आवरताना गोळ्यांची न फोडलेली पाकिटे निघाली. वहिनी एवढेच म्हणाल्या, "मला वाटे, ते रोज घेतात."

गोळ्या बंद केल्यामुळेच हे घडले, असे शपथेवर कोणी सांगणार नाही. परंतु स्टेंट बसविल्यानंतरचे पहिले महिने फार नाजूक असतात. त्या धातूच्या जाळीवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून या दोन गोळ्या सामान्यतः सहा महिने ते वर्षभर, झटका येऊन गेलेला असल्यास बहुधा वर्षभर, बरोबरीने द्याव्या लागतात. आणि त्या मध्येच सोडणे हे गुठळी होण्याचे एक मोठे कारण मानले जाते. हे आम्हांस नंतर कळले. ते त्या दिवशी ठाऊक नव्हते हा आमचा अपराध नव्हे. ठाऊक नसताना सल्ला दिला, हा मात्र अपराध होय.

औषधाचा उपद्रव का होतो, हे प्रथम पाहू. औषध पोटात गेले की रक्तावाटे सर्वांगात फिरते. हृदयासाठी घेतलेली गोळी फुप्फुसास, जठरास, स्नायूंस आणि मूत्रपिंडासही जाऊन भेटते. शिवाय यांपैकी कित्येक औषधांचे मूळच विषात आहे. डिजिटॅलिस हे औषध फॉक्सग्लोव्ह नावाच्या विषारी वनस्पतीचे. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. वॉर्फरिनचा शोध अमेरिकेत सडका चारा खाऊन रक्तस्रावाने मरणाऱ्या गुरांवरून लागला. १९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले कॅप्टोप्रिल हे ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाले. मात्रेत तेच विष औषध होते. यास्तव उपद्रव झाला म्हणजे डॉक्टर चुकले किंवा औषध खोटे, असे समजण्याचे कारण नाही.

याच संदर्भात आपल्या मुंबईतील एक उदाहरण स्मरणीय आहे. सर्पगंधा ही आपल्या देशात पूर्वापार वापरातील वनस्पती. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर प्रयोग करून १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतील लास्कर पुरस्काराचा मान मिळाला. परंतु पुढे याच रेसर्पिनने कित्येकांचे नाक चोंदते, सुस्ती येते, काहींचे मन खिन्न होते, अशा नोंदी होऊ लागल्या. कालांतराने अधिक सोसवणारी औषधे आली आणि ते मागे पडले. आता विचार करा, मनाची खिन्नता कोणत्या यंत्रात दिसते? ती रुग्णांनी सांगितली म्हणूनच डॉक्टरांस कळली. औषधशास्त्राची ही सुधारणा रुग्णाच्या बोलण्यावर उभी आहे. आपण मात्र उपद्रव शेजाऱ्यास सांगतो, व्याह्यांस सांगतो, आणि डॉक्टरांपुढे बसलो म्हणजे "बरे आहे" असे म्हणून उठतो.

आमचाच अनुभव सांगतो. रक्तदाबासाठी आम्हांस रामिप्रिल ही गोळी होती. काही दिवसांनी कोरडी ढास सुरू झाली. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की खोकला येई. हळददूध झाले, अडुळसा झाला, बाटल्यांमागून बाटल्या झाल्या. गल्लीत क्षयाची कुजबुज झाली. अखेर गोळीचा संशय येऊन आम्ही ती गुपचूप बंद केली, आणि तीच मर्दुमकी लग्नात दादांना सांगितली. दादा गेल्यावर आम्ही डॉक्टरांपुढे सर्व कबूल केले. ते म्हणाले, "गुरुजी, या जातीच्या गोळ्यांनी काही लोकांस असा खोकला येतोच. शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य साठते, त्याचा हा परिणाम. त्याला दुसरी गोळी आहे." टेल्मिसार्टन सुरू झाली, आज रक्तदाब आटोक्यात आहे आणि खोकला नाही. जे काम दोन वाक्यांचे होते, त्यासाठी आम्ही आठ महिने खोकलो. मात्र याच जातीच्या गोळीने ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, तर तो खोकल्यासारखा किरकोळ उपद्रव नव्हे; तेव्हा तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता नित्य आढळणाऱ्या काही गोष्टी, विशेषतः आपल्या खानदेशच्या संदर्भात, सांगतो.

पहिली गोष्ट उन्हाळ्याची. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. घामावाटे पाणी व क्षार जातात, त्यात लघवीची गोळी आणि रक्तदाबाची गोळी चालू असते. अशा वेळी बाजेवरून एकदम उठल्यास डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस पडतो. उठताना प्रथम बसावे, थोडे थांबावे, मग आधार घेऊन उभे राहावे. जुलाब-वांती झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस विचारावे. हृदय अशक्त असल्यामुळे ज्यांचे पाणी मोजून ठरविले आहे, त्यांनी चैत्रातच जाऊन उन्हाळ्यापुरते प्रमाण विचारून घ्यावे. आपल्या मनाने गोळीही कमी करू नये, तांब्याही वाढवू नये.

दुसरी गोष्ट पायांच्या सुजेची. अॅम्लोडिपिन या गोळीने घोट्याशी सूज येऊ शकते आणि मात्रा बदलून किंवा गोळी बदलून ती उतरते. परंतु सूज हृदयाच्या अशक्तपणानेही येते. एक-दोन दिवसांत वजन भरभर वाढले, उताणे निजले की धाप लागू लागली, तर तो दोष गोळीवर ढकलून घरी बसू नये. उडदाचे पापड, लोणचे आणि शेव यांतील मीठही अशा वेळी लक्षात घ्यावे.

तिसरी गोष्ट केळ्याची. रावेर-यावलचे केळे हा आपला अभिमान. जळगावच्या केळ्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण केळ्यात पोटॅशियम असते, आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या शरीरातील पोटॅशियम वाढवितात. मूत्रपिंड दुबळे असल्यास ते वाढून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून सर्वांनी केळे सोडावे असे नव्हे; रक्ततपासणी वेळेवर करावी आणि आपणांस किती चालेल ते विचारावे. कमी सोडियमचे म्हणून जे मीठ विकतात, त्यातही बहुधा पोटॅशियम असते, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांस वॉर्फरिन किंवा तत्सम गोळी आहे, त्यांनी पालेभाजी वर्ज्य करू नये. परंतु एक आठवडा रोज मेथी-पालक आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही, असेही करू नये. प्रमाण सारखे ठेवावे व ठरलेली रक्ततपासणी चुकवू नये. रक्त पातळ करणाऱ्या कोणत्याही गोळीवर शौचास डांबरासारखी काळी झाली, किंवा रक्त थांबेना, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून मागून आणलेली वेदनाशामक गोळी या औषधांबरोबर फार घातक ठरते. जठरास, मूत्रपिंडास आणि हृदयास, तिन्हींस.

मेटोप्रोलोलसारख्या गोळ्यांनी नाडी मंद होते, थकवा वाटतो, हातपाय गार पडतात. मधुमेह्यांत साखर उतरल्याची धडधड व थरथर त्या झाकून टाकतात. घाम मात्र येतो, तो ओळखावा. ही गोळी एकाएकी बंद केल्यास छातीत कळा येण्याचे भय असते. ती सोडायचीच तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने सोडवितात. जिभेखाली ठेवण्याच्या गोळीने डोके ठणकते व रक्तदाब उतरतो. ती बसूनच घ्यावी.

राहिली कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन. हिने अंग दुखते, अशी सार्वत्रिक तक्रार आहे. २०२० साली इंग्लंडमध्ये एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्टॅटिन न सोसल्याने सोडून दिलेल्या ६० लोकांस काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी निःसत्त्व गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे दिले. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदला गेला, त्याचा सुमारे ९० टक्के भाग निःसत्त्व गोळीवरही नोंदला गेला. त्रास खोटा नव्हता. त्याचे कारण मात्र बहुतांशी भीतीत होते. पुष्कळांनी ते पाहून गोळी पुन्हा सुरू केली. अर्थात काही थोड्यांस स्नायूंची खरी इजा होते. दुखणे असह्य झाले, अशक्तपणा आला, लघवी गडद तांबूस झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

हे सर्व पाठ करण्याची गरज नाही. शाळामास्तराची सवय म्हणून आम्ही एक वही घातली आहे, तशी प्रत्येक घरात असावी. औषधाचे नाव, केव्हा सुरू झाले, उपद्रव काय, कोणत्या वेळी होतो, नाडी व रक्तदाब किती, एवढे लिहावे. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व औषधे, चूर्णे व काढेसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावीत. एकच औषध दोन नावांनी दोनदा घेतले जात असल्याचे कित्येकदा तेथेच उघडकीस येते. आणि तीन प्रश्न विचारावेत: हा त्रास या गोळीचा आहे काय? याला दुसरी गोळी आहे काय? आणि ही मी बंद केल्यास काय होईल? याखेरीज औषधांच्या उपद्रवाची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१० सालापासून आपल्या देशात आहे. तिचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ असा असून, तेथे रुग्णासही आपला अनुभव कळविता येतो.

पूर्वी मोठा डॉक्टर म्हणजे मुंबई-पुणे, अशी आपली समजूत होती. धुळ्यास १९८९ साली आणि जळगावास २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. विचारावयास कोणी नव्हते, ही सबब आता राहिली नाही.

भगिनींस एक स्वतंत्र विनंती आहे. घरातील पुरुषाच्या गोळ्या तुम्ही मोजता. स्वतःची चक्कर, स्वतःची सूज कोणास सांगत नाही. सुनांनी सासूबाईंस आणि मुलांनी आईस हे आपणहून विचारावे.

शेवटची विनंती सर्वांस आहे. आपल्या ज्ञातीत आजाऱ्याच्या भेटीस जाण्याची चांगली चाल आहे. ती सोडू नये. पण भेटीस गेल्यावर "त्या गोळ्या बंद करा, आमच्या अमक्यास बंद केल्यावरच गुण आला" हे वाक्य उच्चारू नये. त्याऐवजी म्हणावे, "हे डॉक्टरांस सांगितले काय? नसेल तर उद्या आम्ही बरोबर येतो." त्या लग्नाच्या मांडवात आमच्या तोंडून एवढेच निघावयास हवे होते. धुळे-जळगाव हे अंतर काही फार नाही. दुसऱ्या दिवशी दादांबरोबर जाणे आम्हांस सहज शक्य होते.