सुईच्या वाटेने उपचार



पायात बाभळीचा काटा मोडला, तर आपण काय करतो? पाय कापतो का? नाही. सुई घेतो, कातडी जराशी उकरतो आणि काटा अलगद काढतो. आज आम्ही तुम्हांला अशाच एका विद्येची हकिकत सांगणार आहोत. या विद्येत डॉक्टर छाती न उघडता, कातडीतून सुई घालून, हृदयाच्या धमनीपर्यंत पोचतात.

आधी रोग समजून घेऊ. हृदय म्हणजे मुठीएवढा पंप. तो साऱ्या अंगाला रक्त पुरवतो. पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते त्याच्या अंगावरच्या बारीक धमन्यांतून येतं. पाटात गाळ साचला, की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. तसाच धमनीत चरबीचा थर साचतो. रक्त कमी पडतं. चढ चढताना छातीत कळ येते. त्या थरावर रक्ताची गुठळी धरली आणि धमनी बंद झाली, तर हृदयाचा तेवढा भाग मरू लागतो. याला हार्ट अटॅक म्हणतात.

गाळ काढायचा, तर गाळापर्यंत जायला हवं. पण हृदयात नळी घातली तर माणूस मरेल, असं मोठमोठ्या डॉक्टरांना वाटे. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाचा तरुण डॉक्टर होता. वरिष्ठांनी त्याला मनाई केली. तरी त्याने हा प्रयोग केला. कोणावर? स्वतःवर! त्याने कोपराजवळची शीर उघडली, एक लांब बारीक नळी आत सरकवली आणि तसाच चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. फोटोत नळीचे टोक हृदयात दिसले. माणूस जिवंत! त्या वेळी त्याच्या वाट्याला बोलणीच आली. पुढे १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

१९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर या डॉक्टरांनी सोपी युक्ती प्रसिद्ध केली. कातडीतून पोकळ सुई धमनीत घालायची. सुईतून लवचिक तार आत सरकवायची. सुई काढून घ्यायची, तार राहू द्यायची. मग दोऱ्यात मणी ओवावा, तशी नळी तारेवर ओवून आत न्यायची. शेवटी तार काढून घ्यायची. कापाकापी नाही.

१९६४ साली अमेरिकेत ८२ वर्षांची एक म्हातारी इस्पितळात होती. तिच्या मांडीतली धमनी अरुंद झाली होती. पाऊल सडू लागले होते. पाय कापावा लागेल, असे सर्जनांनी सांगितले. म्हातारी म्हणाली, नाही कापून घेणार. तेव्हा चार्ल्स डॉटर या डॉक्टरांनी सुईच्या वाटेने नळी घालून ती धमनी रुंद केली. थंड पाऊल गरम झाले. पुढे म्हातारी सुमारे अडीच वर्षे जगली, ती स्वतःच्या दोन पायांवर चालत.

राहिले हृदय. आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरांनी स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात, घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, नळीच्या टोकाला बारीकसा फुगा जोडला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी ३८ वर्षांच्या एका रोग्याच्या हृदयाच्या धमनीत तो नेला आणि फुगवला. थर बाजूला दाबला गेला. रक्त वाहू लागले. रोगी सारा वेळ जागा होता. दहा वर्षांनी तपासले, तेव्हाही ती जागा मोकळीच होती. या उपचाराला अँजिओप्लास्टी म्हणतात.

पण काहींची धमनी पुन्हा आवळू लागे. म्हणून १९८६ पासून तिथे तारेची बारीक जाळी बसवू लागले. हिला स्टेंट म्हणतात. विहिरीला आतून बांधकाम करतात, तसाच हा आधार. आता पुष्कळदा मनगटातूनच नळी घालतात. भूल पूर्ण द्यावी लागत नाही. जागा बधिर केली की पुरते. २०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. आपल्या राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही हा उपचार आहे.

मंडळी, हा जादूटोणा नव्हे. यातही धोका असतो. रक्तस्राव होऊ शकतो, गुठळी होऊ शकते. काहींना मोठी शस्त्रक्रियाच करावी लागते. ते डॉक्टर तपासून ठरवतात. शिवाय फुग्याने एक जागा मोकळी होते, रोग मुळातून जात नाही. तंबाखू, विडी सोडली नाही, गोळ्या बंद केल्या, तर गाळ पुन्हा साचणारच.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे छातीत कळ आली, की लोक म्हणतात, “वायू धरला असेल. ओवा खा, पडून राहा.” पुष्कळजण “डॉक्टर छाती फाडतील” या भीतीने घरीच राहतात. या भीतीपायी कितीतरी घरांतला कर्ता माणूस जातो. हृदयाचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून छातीवर दाब आला, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, घाम फुटला, तर सकाळची वाट पाहू नका. बायकांना कधी कळ न येता नुसती धाप लागते, मळमळते. तेही अंगावर काढू नका. माणसाला चालवत नेऊ नका. लगेच १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवा.

तुम्ही आता वाचायला शिकलात. हा १०८ चा आकडा घरातल्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा. शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.