दावा आणि परीक्षा



सुरत म्हटलं की मराठी माणसाला मराठ्यांच्या १६६४ आणि १६७०च्या स्वाऱ्या आठवतात, फार तर १९०७ची काँग्रेसमधली फूट. आजच्या विषयासाठी मी आणखी एक साल पुढे ठेवतो: १८४४. त्या वर्षी या शहरात मानवधर्म सभा निघाली. ती उभी करणाऱ्यांत दुर्गाराम मेहताजी हे गुजराती शिक्षक होते आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरही होते. दादोबा तेव्हा इथल्या इंग्रजी शाळेत शिकवत. मंत्रशक्ती असल्याचं सांगणाऱ्यांना दुर्गारामांनी जाहीर आव्हान दिलं की सर्वांसमक्ष करून दाखवा. ही माणसं नास्तिक नव्हती, हे मात्र आपण सोयीने विसरतो. सभा एकेश्वरवादी होती. पुढे मुंबईत दादोबांनी उभारलेली परमहंस मंडळीही एकच देव मानणारी होती आणि उतारवयात त्यांनी स्वीडनबोर्ग या ख्रिस्ती गूढवाद्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं भांडण देवाशी नव्हतं. परीक्षेला न बसता अधिकार गाजवणाऱ्यांशी होतं. प्रार्थनेने मन शांत होतं, असं कोणी म्हटलं तर त्याला आव्हान देण्याचं कारण नाही. पण मंत्राने ताप उतरतो असं म्हटलं की तो दावा रोग्याच्या अंगावर आणि घरच्यांच्या खिशावर येतो. तिथे पुरावा मागायलाच हवा.

यावर नेहमीचा आक्षेप असा की विज्ञानही आपण विश्वासानेच मानतो. आक्षेप खोटा नाही. सप्टेंबर १९९४मध्ये इथे प्लेगची साथ आली, लाखो लोक शहर सोडून गेले आणि जे राहिले त्यांनी टेट्रासायक्लिनच्या गोळ्या घेतल्या. गोळी गिळणाऱ्या यंत्रमाग कामगाराने जंतू पाहिला नव्हता. त्याने डॉक्टरवर भरवसा ठेवला, जसा दुसऱ्या कोणी भगतावर ठेवला असता. फरक पुढे दिसतो. हा प्लेग नाहीच, दुसराच आजार असावा, अशी शंका तज्ज्ञांनीच काढली. वाद काही वर्षं चालला आणि जंतूच्या जनुकीय तपासणीने तो प्लेगच ठरला. शंका घेणाऱ्यांना कोणी वाळीत टाकलं नाही. भगताच्या विद्येत भगताला चूक ठरवण्याची अशी सोय कुठे आहे? डॉक्टरही पदाच्या जोरावर प्रश्न दाबू लागला, तर तोही भगतच, हे आपल्या बाजूच्यांना ऐकायला आवडत नाही, तरी म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: श्रद्धा मोडली तर गरिबाला आधार कोणाचा? साथीनंतर सुरतेची साफसफाई झाली, कचरा उचलण्याची शिस्त लागली. तो आधार सर्व धर्मांच्या घरांना सारखाच मिळाला. जिथे दवाखाना लांब आणि महाग, तिथे माणूस भगताकडे जाणारच. त्याला अडाणी म्हणून हसणं ही आपली आळशी सवय आहे. महाराष्ट्राने २०१३मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा आणला, गुजरातने २०२४मध्ये. कायदा भोंदूला पकडेल, पण रात्री तापाने फणफणलेल्या मुलाला तपासायला डॉक्टर तो आणणार नाही.

म्हणून परिषदेच्या या दोन दिवसांत ठराव कमी करा. सुरतेतल्या लिंबायत आणि उधन्याच्या वस्त्यांत रात्री उघडा राहणारा दवाखाना कसा मिळवता येईल, यावर एक पूर्ण सत्र द्या, एवढी स्वागत समितीची विनंती आहे.