इंद्रधनुष्य आणि चंद्राचें खळें

श्रावणांतील संध्याकाळ. चिंचवडास पवनेच्या काठीं नुकतीच एक सर येऊन गेलेली असते. कारखान्यांची पाळी सुटलेली असते आणि पुलावर माणसांची व वाहनांची रीघ लागलेली असते. इतक्यांत मावळतीकडचे ढग फाटतात, तिरपें ऊन पडतें आणि पूर्वेस, भोसरीच्या अंगास, इंद्रधनुष्य उभें राहतें. एखादें मूल हात उंच करून तें दाखवूं लागतें, तोंच बरोबरची आजी त्याचा हात हळूच खालीं घेते.

‘‘बाळा, इंद्रधनुष्याला बोट दाखवूं नये.’’

‘‘कां गं आजी?’’

या प्रश्नास आजीपाशीं बहुधा उत्तर नसतें. तिला तिच्या आजीनें तसें सांगितलेलें असतें, एवढेंच.

परंतु आजीचा हा निषेध आजकालचा नव्हे. आकाशांत इंद्रायुध दिसलें तर शहाण्या मनुष्यानें तें दुसऱ्यास दाखवूं नये, असा नियम मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत आहे. तो केवळ आपल्याच देशांत आहे असेंही नाहीं. रॉबर्ट ब्लस्ट या भाषाशास्त्रज्ञानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका लेखांत, इंद्रधनुष्याकडे बोट दाखविण्याची बंदी जगांतील शंभराहून अधिक लोकसमूहांत आढळते, असें दाखवून दिलें आहे. ज्यांनीं एकमेकांचें नांवही कधीं ऐकलें नाहीं, त्यांच्या आजींनीं आपापल्या नातवंडांचा हात सारखाच खालीं घेतला, ही मोठी नवलाची गोष्ट होय.

आतां या आकाशांतील कमानीस लोकांनीं नांवें काय दिलीं तें पाहावें. मराठी माणूस तिला इंद्राचें धनुष्य म्हणतो. बंगालींत तें रामाचें आहे, रामधनु. कानडींत तें कामदेवाचें आहे, कामनबिल्लु. गुजरातीनें तें मेघाकडे दिलें आणि मेघधनुष म्हटलें; तमिळांत तें आकाशाचें धनुष्य आहे, वानविल. धनी बदलला, परंतु धनुष्य कायम राहिलें. जुन्या अमरकोशांत तर याहून बारीक भेद केलेला आहे. वांकलेलें तें शक्रधनु आणि तेंच सरळ तुकड्यासारखें दिसेल तर ऋजुरोहित. म्हणजे अपुऱ्या इंद्रधनुष्यास निराळें नांव हवें, असें संस्कृत कोशकारास वाटलें होतें.

असेंच स्कॉटलंडांतील शेतकऱ्यांसही वाटलें. तेथील स्कॉट्स बोलींत पुसट किंवा तुटक्या इंद्रधनुष्यास ‘वॉटरगॉ’ म्हणतात. तें दिसलें कीं हवा बिघडणार, अशी तेथील जुन्या माणसांची समजूत. या शब्दाची कथा ऐकण्यासारखी आहे. सर जेम्स विल्सन नांवाचे एक स्कॉटिश अधिकारी हिंदुस्थानांत पंजाबमध्यें मुलकी नोकरींत होते. शाहपूर जिल्ह्यांतील खेडुतांच्या बोलीचें व्याकरण व कोश त्यांनीं तयार केला. निवृत्त होऊन स्वदेशीं गेल्यावर त्यांनीं तेंच काम आपल्या पर्थशायरच्या बोलीसाठीं केलें आणि १९१५ सालीं तें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें. त्या पुस्तकांतून ‘वॉटरगॉ’ हा शब्द उचलून ह्यू मॅक्डायर्मिड या टोपणनांवाच्या कवीनें १९२२ सालीं त्याच नांवाची कविता छापली. खेड्यांतील म्हाताऱ्यांच्या तोंडीं उरलेला शब्द अशा रीतीनें वाङ्मयांत गेला. कोणीतरी तो वेळेवर टिपून ठेवला, म्हणून गेला.

मराठी खेडुताच्या नित्याच्या बोलण्यांत अशा तुटक्या धनुष्यास वेगळा शब्द ऐकूं येत नाहीं. यावरून त्याची नजर कमी होती असें मात्र कोणीं समजूं नये. ज्या गोष्टीवर पोट अवलंबून असतें, तिला माणूस अधिक नांवें देतो. स्कॉटलंडांत बारा महिने ऊनपावसाचा लपंडाव चालतो, त्यामुळें तेथील माणसाचें लक्ष इंद्रधनुष्याच्या तुकड्याकडे गेलें. मावळांतील व खेड तालुक्यांतील कुणब्यास चारच महिने पाऊस मिळतो. म्हणून त्यानें आपली सारी शब्दसंपत्ति पावसावर वेंचली.

चैत्र-वैशाखांत विजांसह कोसळतो तो वळीव. अंगावर जेमतेम जाणवते ती भुरभुर. नकोशी होते ती रिपरिप. येते आणि जाते ती सर. दिवसचे दिवस थांबत नाहीं ती झड. पाऊस थांबून आभाळ मोकळें झालें कीं ती उघडीप, आणि न पडतां आभाळ नुसतें कोंदून राहिलें कीं तें मळभ. यांतील प्रत्येक शब्दाच्या मागें कांहीं काम उभें आहे. झड लागली तर भाताची लावणी साधते. उघडीप मिळाली तर बाजरीची खुरपणी होते. मळभ रेंगाळलें तर कांद्यावर रोग पडण्याची धास्ती वाटते. ऊन आणि पाऊस एकदम आले तर मुलें कोल्ह्याचें लग्न लागलें म्हणून ओरडतात. गंमत अशी कीं जपानांतील मुलेंही अशा पावसास कोल्ह्याचें लग्नच म्हणतात.

नक्षत्रांचीं नांवें याहून मजेदार आहेत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूचा आणि पूर्वांचा सुनेचा. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ अशी म्हण आहे. सूर्य उत्तरा नक्षत्रांत सप्टेंबरच्या मध्यास येतो, आणि मावळांतील गरवें भात त्याच सुमारास निसवूं लागतें. त्या वेळीं पाणी मिळालें तर दाणा भरतो आणि भात इतका होतो कीं कुत्रेंही त्याकडे पाहत नाहीं. म्हणीचा विनोद बाजूस ठेवला तरी तींतील शेतीशास्त्र अगदीं खरें आहे.

तथापि जुनें तें सर्वच खरें मानणें हेंही योग्य नव्हे. मृग नक्षत्र हल्लीं ७ किंवा ८ जूनला लागतें. परंतु अयनचलनामुळें ही तारीख सुमारें ७१ वर्षांत एक दिवस पुढें सरकते. वराहमिहिराच्या काळीं, म्हणजे सहाव्या शतकांत, सूर्य मृगांत जाई तो आजच्याहून सुमारें तीन आठवडे अगोदर. पाऊस नक्षत्राची वाट पाहत नाहीं. तो ऋतूबरोबर येतो. तसेंच पंचांगांत प्रत्येक नक्षत्रास बेडूक, म्हैस, हत्ती, मोर असें वाहन दिलेलें असतें. तें केवळ गणितानें ठरतें. त्यासाठीं कोणीं आभाळाकडे पाहिलेलें नसतें. उलट कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं तीं पिढ्यान् पिढ्या डोळ्यांनीं पारखलेलीं आहेत. दोन्हींची निवड करावयास हवी.

इंद्रधनुष्याचेंच उदाहरण घेऊं. सूर्याचे नानारंगी किरण ढगाळ आकाशांत वाऱ्यानें विखुरले कीं धनुष्य दिसतें, असें वराहमिहिरानें बृहत्संहितेंत लिहिलें आहे. किरण सूर्याचे, हें त्यानें बरोबर ओळखलें. परंतु किरणांस वळविणारा वारा नसून पावसाचा थेंब आहे, ही गोष्ट पुढें उलगडली. १६३७ सालीं देकार्तनें तिचें गणित मांडलें आणि रंग वेगळे कां होतात तें न्यूटननें दाखविलें. किरण थेंबांत शिरतांना वांकतो, आंतल्या बाजूवरून परततो आणि बाहेर पडतांना पुन्हां वांकतो. म्हणून सूर्य पाठीशीं आणि पाऊस समोर असेल तेव्हांच धनुष्य दिसतें. सूर्याच्या बरोबर विरुद्ध जो बिंदु, त्यापासून त्याची तांबडी कड ४२ अंशांवर असते. सूर्य ४२ अंशांहून वर चढला कीं सपाटीवरच्या माणसास तें दिसूं शकत नाहीं. आपल्याकडे पावसाळ्यांत सकाळीं सुमारें नवानंतर आणि दुपारीं चारापूर्वीं इंद्रधनुष्य आढळत नाहीं, त्याचें कारण हेंच.

यावरून एक सोपा नियम निघतो. सकाळचें धनुष्य पश्चिमेस, म्हणजे पाऊस पश्चिमेस. संध्याकाळचें धनुष्य पूर्वेस, म्हणजे पाऊस पूर्वेस. जून ते सप्टेंबर ढग सह्याद्रीवरून, पश्चिमेकडून येतात. म्हणून सकाळीं धनुष्य दिसलें तर पाऊस येत आहे, आणि संध्याकाळीं दिसलें तर तो पुढें निघून गेला आहे, असें बहुधा समजावें. युरोपांतील मेंढपाळांचाही नियम असाच आहे, कारण त्यांचे ढगही पश्चिमेकडूनच येतात. परंतु हस्त-चित्रांच्या दिवसांत, परतीच्या पावसांत, आपल्याकडे वारा फिरतो आणि ढग बहुधा पूर्वेकडून येऊं लागतात. तेव्हां संध्याकाळचें तेंच सुंदर धनुष्य, बाजरी कापून उघड्यावर ठेवलेल्या शेतकऱ्यास, सावध राहा म्हणून सांगत असतें. एकच खूण, परंतु महिना बदलला कीं अर्थ उलटतो. ज्यास आपल्या गांवचा वारा ठाऊक नाहीं, त्यास परक्या मुलखाचा ठोकताळा उपयोगी पडत नाहीं.

आणि या मुलखाचा वारा-पाऊस तर फारच विलक्षण. मावळ म्हणजे मावळतीकडचा प्रदेश. तेथें लोणावळ्यास वर्षाकांठीं सरासरी ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. लोहमार्गानें ६४ किलोमीटर पूर्वेस पुण्यास यावें, तर तो ७०० च्या आसपास उरतो. पिंपरी, चिंचवड, चाकण हीं गांवें या दोहोंच्या मधल्या उतारावर आहेत. पश्चिमेस डोंगर ढगांत बुडालेले आणि पूर्वेस कोरडें आभाळ, अशा सीमेवर सर आणि ऊन यांची भेट वरचेवर व्हावी हें साहजिकच आहे.

इंद्रधनुष्यापेक्षांही एक लक्षण या भागांतील शेतकरी अधिक मानीत आला, तें म्हणजे चंद्राचें खळें. चंद्राभोंवतीं जें वर्तुळ पडतें त्यास खळें म्हणतात. खळें जवळ तर पाऊस लांब, आणि खळें लांब तर पाऊस जवळ, असा त्याचा अनुभव. यांतही तथ्य आहे. चंद्रास चिकटून पडणारें लहान कडें पातळ ढगांतील पाण्याच्या बारीक थेंबांमुळें दिसतें. मोठें वर्तुळ फार उंचावरील ढगांतील हिमकणांमुळें, चंद्रापासून २२ अंशांवर, पडतें. असे उंच ढग पुष्कळदां येणाऱ्या पावसाच्या पुढें चालत असतात.

परंतु खळें हा शब्द आला कोठून? खळें म्हणजे मळणीची जागा. शेणानें सारवलेली गोल जमीन, मधोमध रोवलेली मेढ, आणि तिच्याभोंवतीं कणसें तुडवीत फिरणारी बैलांची पात. आश्विन-कार्तिकाच्या रात्रीं त्या जागीं राखणीस निजलेल्या शेतकऱ्यानें वर पाहिलें, तेव्हां आभाळांतही त्यास तसेंच गोल रिंगण आणि मधोमध चंद्राची मेढ दिसली. आपल्या हातचें काम त्यानें आकाशांत ओळखलें. आणखी आश्चर्य असें कीं, इंग्रजींत या वर्तुळास ‘हेलो’ म्हणतात, त्या शब्दाचें मूळ ग्रीक भाषेंत असून तेथें त्याचा पहिला अर्थ मळणीची जागा असाच आहे. ग्रीसमधील शेतकऱ्यानें आणि मावळांतील शेतकऱ्यानें, एकमेकांस न विचारतां, चंद्राकडे पाहून एकच शब्द उच्चारला.

आज या पट्ट्यांत खळीं फारशीं उरलेलीं नाहींत. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. त्यामागून कारखाने येत गेले. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढें चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. जेथें शेतें उरलीं तेथें मळणी यंत्रानें होते. पावसाचा अंदाजही आतां हवामान खातें देतें. त्या खात्याचें मुख्य कार्यालय १९२८ सालीं शिमल्याहून पुण्यास आलें, आणि शिवाजीनगरच्या त्या चौकास लोक अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तेथील उपकरणें आजीच्या ठोकताळ्यांहून पुष्कळ दूरचें पाहतात, यांत संशय नाहीं. त्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. कारखान्यांनीं हजारों घरांत चूल पेटविली आहे, आणि भाकरी ज्या कामांतून मिळते तें काम थोरच.

मग त्या शब्दांचें काय? मळणीची जागा ज्यानें पाहिली नाहीं, त्यास चंद्राचें खळें समजेल काय? इंग्रजी ‘हेलो’ शब्दाकडे पाहिलें तर धीर येतो. तो उच्चारणाऱ्या लाखों लोकांनीं मळणी कधींच पाहिलेली नाहीं, तरी शब्द जिवंत आहे. काम सुटलें म्हणून शब्द मरत नाहीं. तो सांगणाऱ्यानें सांगण्याचें सोडलें म्हणजे मरतो. मोल्सवर्थसाहेबांनीं व त्यांच्या हाताखालच्या शास्त्रीमंडळींनीं लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करून १८३१ सालीं मराठी कोश छापला, म्हणून कितीतरी शब्द आज सांपडतात. तेवढा मोठा उद्योग प्रत्येकास करतां येणार नाहीं. परंतु शाळेंतील एखाद्या मुलानें वहीचें एक पान राखून ठेवावें, आणि आजी-आजोबा पावसास, वाऱ्यास, आभाळास काय काय म्हणतात तें त्यांच्याच तोंडून ऐकून त्यावर उतरवावें, इतकें सहज होण्यासारखें आहे. शब्दापुढें गांवाचें नांव आणि महिना तेवढा लिहावा. कारण वर पाहिल्याप्रमाणें, महिन्यावांचून खुणेचा अर्थ लागत नाहीं.

पवनेच्या पुलावरील त्या आजीस मनुस्मृति ठाऊक नसेल, आणि थेंबांतील किरणाचें गणितही ठाऊक नसेल. परंतु झड कोणती, उघडीप कोणती आणि खळें म्हणजे काय, हें तिला पक्कें ठाऊक आहे. नातवाचा हात तिनें खालीं घेतला आहे. आतां तो हातीं धरून घरीं जातांना तेवढें त्यास सांगावें. रात्रीं ढग विरळ झाले तर चंद्र दिसेल, आणि त्याच्याभोंवतीं खळें पडलें आहे कीं काय, हें दोघांनाही गच्चीवरून पाहतां येईल.