नाकारलेला चहा

आमच्या जानेफळच्या शेताच्या बांधाचा दावा मेहकरच्या कोर्टात चालू होता. तिथल्याच एका कविसंमेलनात न्यायाधीशांनी माझ्या कवितेला दाद दिली. अब्बांनी चहाचा आग्रह केला. साहेब हात जोडून म्हणाले, "तुमचं प्रकरण माझ्यासमोर आहे." अब्बा दुखावले.

पुढे ७ मे १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी सोळा कलमी आचारसंहिता स्वीकारली. पदाला शोभेल असं अलिप्त राहावं, आप्तेष्टांचं प्रकरण चालवू नये, असं तीत आहे. तालुक्याच्या त्या न्यायाधीशांनी ते आधीच पाळलं होतं.

तो दावा आम्ही हरलो. मी अपिलाचं बोललो. अब्बा म्हणाले, "राहू दे बेटा. त्यांनी समोरच्याचाही चहा घेतला नसेल."