अफूचे व्यसन आणि गावचे मेडिकल

आमच्या मंगळवेढ्यात कोठाराचा विषय निघाला की दामाजीपंतांचे नाव निघतेच. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा पंतांनी बादशाही कोठारे उघडून दिली, ही कथा इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आज मी ज्या कोठाराविषयी बोलणार आहे त्यात धान्य नाही, औषध आहे. औषध देशातच तयार होते, महागही नाही. पण ज्याला हवे त्याच्या गावी ते पोचत नाही.

अफू आपल्याला नवी नाही. रडणाऱ्या तान्ह्याला अफूचा कण चाटवून बाया रानात जात, आणि मुंबईच्या गिरणकामगार बायका ‘बाळगोळी’ देत. सरकारमान्य दुकानांतून अफू उघड विकली जाई. ही विक्री दहा वर्षांत बंद करायची असे १९४९ साली ठरले आणि मार्च १९५९ अखेर ती बंद झाली. नोंदलेल्या व्यसनी माणसांना तेवढी वैद्यकीय कारणासाठी मिळत राहिली. आपल्याला वाटले, अफू गेली. ती कुठली जाते! १९८०च्या सुमारास ती ब्राऊन शुगर म्हणून शहरांत आली, मग कोडीनचे खोकल्याचे औषध होऊन आली, ट्रॅमाडॉलची कॅप्सूल होऊन आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत, अफूच्या जातीच्या पदार्थांपायी ज्यांना मदतीची गरज आहे अशी माणसे देशात सुमारे ७७ लाख निघाली.

माझा एक जुना विद्यार्थी उसाचा ट्रॅक्टर चालवतो. हंगामात रात्र रात्र जागायची, त्यात कंबर धरली. कुणीतरी वेदनेची कॅप्सूल हातावर ठेवली. ती एका दुकानात चिठ्ठीशिवाय मिळू लागली. एकीच्या चार झाल्या, चाराच्या दहा. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. ते योग्यच झाले, पण गोळी दुर्मिळ झाल्याने त्याची गरज काही संपली नाही. न मिळाली की अंगात कळा, नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, झोप नाही. घरचे म्हणायचे, “मनावर घे की लेका!” घरच्यांना मी दोष देत नाही. मीही त्याला तेच म्हणालो होतो.

तो एका केंद्रात राहून आला. अंगातले सगळे निघून गेले. आम्हाला वाटले, सुटला. पण इथेच खरा धोका असतो, आणि तो शिक्षक मंडळींनी तरी नीट समजून घ्यावा. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सवय उतरते. ओढ मात्र उतरत नाही. अशा वेळी माणूस पुन्हा जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबून मरतो. आमचा हा गडी मरता मरता वाचला.

त्यानंतर एका डॉक्टरांनी त्याला ब्युप्रेनॉर्फिन सुरू केले. ही गोळी गिळायची नाही, जिभेखाली विरघळवायची. मेंदूत अफू ज्या जागी जाऊन बसते तीच जागा ही धरते, पण अर्धवट. ओढ शमते, कळा थांबतात, नशा मात्र चढत नाही, आणि ठराविक मर्यादेपलीकडे तिचा जोर वाढत नाही. तीत नालोक्झोन मिसळलेले असते. कुणी विरघळवून सुईने टोचू पाहिले तर उलट त्रास होतो. “एक व्यसन सोडून दुसरे धरले” असे लोक म्हणतात. मधुमेही रोज इन्सुलिन घेतो, त्याला आपण व्यसनी म्हणतो का?

अडचण पुढेच आहे. ही गोळी आपल्याकडे मान्यताप्राप्त केंद्रातूनच मिळते; मेडिकलवाल्याला ती विकता येत नाही. म्हणजे हजेरी बुडवा, एस.टी. धरा, रांगेत उभे राहा. आठवड्याला एक दिवस असा गेला की मुकादम विचारतो, कुठे गेला होतास? सांगायचे काय?

एका ओळखीच्या औषधविक्रेत्याकडे मी हा विषय काढला. ते म्हणाले, “सर, दुकान माझे, पण चोरी झाली तर? हिशेबात एक गोळी चुकली तर?” भीती खोटी नाही. फ्रान्सने १९९६ पासून साध्या डॉक्टरांना ही गोळी लिहून द्यायला आणि औषधदुकानांना ती द्यायला मोकळीक दिली. अतिसेवनाचे मृत्यू तीन-चार वर्षांत सुमारे चार-पंचमांशाने घटले. पण गोळ्या रस्त्यावर विकल्या गेल्या, हेही तितकेच खरे. ब्रिटनमध्ये औषधविक्रेता पुष्कळ रुग्णांना मात्रा आपल्या डोळ्यांसमोर घ्यायला लावतो. आणि हे आपल्याला परके नाही हो! क्षयाच्या ‘डॉट्स’ योजनेत गोळी समोर बसून खायला घालणारी माणसे आपल्याच गावातली होती, त्यांत औषधविक्रेतेही होते.

माझे म्हणणे एवढेच की सुरुवात डॉक्टरांनीच करावी. पहिली मात्रा कळा सुरू झाल्यावरच द्यायची असते, घाई केली तर त्रास वाढतो. ते दुकानदाराचे काम नव्हे. पण रुग्ण स्थिरावला की रोजची गोळी तालुक्याच्या मेडिकलमध्ये, नोंदवहीत सही घेऊन, समोर द्यायला काय हरकत आहे? त्यासाठी नियम बदलावे लागतील, दुकानदाराला शिकवावे लागेल आणि त्याच्या कामाचा मोबदलाही द्यावा लागेल. फुकट राबायला त्याला का सांगावे?

तोवर कुणाच्या घरी असे माणूस असेल तर त्याला खोलीत कोंडून अफू सोडवू नका. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी आहे, पैसे पडत नाहीत. पुण्याला १९८६ पासून ‘मुक्तांगण’ आहे, तिथे बायकोमुलांनाही बसवून समजावतात.

आमचा ट्रॅक्टरवाला परवा भेटला. कंबर अजून दुखते म्हणाला. सोमवारची सकाळची गाडी मात्र त्याने आजवर एकदाही चुकवलेली नाही.